न हलणाऱ्या खुणा

उभ्यानं जेवायची. थांब्यावर बसची वाट पाहायची नाही. पुढच्या थांब्यापर्यंत चालत जाऊन तीच बस पकडायची. बुटांच्या नाड्या कधी सोडायची नाही. कुणाच्याही घरी गेली की पडद्याची शिवण उलटून बघायची. हाक मारली की "आले, आले" म्हणायची आणि भलतीकडेच जायची.

तिला सगळे भिंगरीताई म्हणायचे. पडद्यांच्या कारखान्यात ती शिवणकाम करायची. साहित्यात पदवी घेऊन मी नोकरी शोधत होते आणि तिच्या खालच्या खोलीत भाड्यानं राहत होते. वर ती आणि तिची थोरली बहीण, आक्का. माझ्या डोक्यावर सतत पावलं वाजायची.

"पायाला भिंगरी बांधूनच जन्मली," आक्का म्हणायची. "घडीभर टेकली तर खुर्ची चावेल हिला."

सुट्टीला भिंगरीताई गावाबाहेर जायची. तिकडे चुन्याच्या जुन्या भट्ट्या आहेत, बंद पाणचक्की आहे, दगडी कमानीचा पूल आहे आणि टेकडीवर माणसं उठून गेलेली एक वस्ती. या सगळ्यांना जोडणारी पायवाट झुडपांत बुजली होती. ती तिनं मोकळी केली. लोकांनी वाटाड्या न घेता आपलं आपण फिरावं म्हणून तिनं एक घडीचं पत्रकही लिहिलं. स्टेशनवर ते फुकट मिळायचं.

त्यात एक घोळ होता. "पांढरा घोडा दिसला की डावीकडे वळा," असं तिनं लिहिलं होतं. ती जाई तेव्हा घोडा तिथेच चरत असे. मग मालकानं घोडा विकला. लोक घोडा शोधत सरळ चालत राहिले आणि पाणचक्कीवाल्याच्या उभ्या गव्हात शिरले.

पाणचक्कीवाला थेट कारखान्याच्या दारात आला.

"ताई, तुमची माणसं माझ्या गव्हात घोडा शोधतायत."

"सापडला का?"

"हसण्यावारी नेऊ नका. कापणीपर्यंत बघतो. आणखी एक जण जरी पिकात दिसला, तर वाटेवरच्या माझ्या फाटकाला कुलूप."

तिचं हसू मावळलं. ते फाटक बंद झालं तर पुलाकडे जायला दुसरा रस्ता नव्हता. वाटच संपली असती.

त्या संध्याकाळी ती माझ्या दारात उभी राहिली.

"पत्रक नव्यानं लिहायचंय. फक्त न हलणाऱ्या खुणा."

"झाड चालेल?"

"पडतं."

"फाटकाचा रंग?"

"बदलतात."

"मग माणसानं कशाच्या भरवशावर चालायचं, ताई?"

"पुस्तकी बोलू नकोस गं. डावं की उजवं तेवढं लिही."

दगड, कमान, टेकडी एवढंच उरलं. लिहिलेला कागद घेऊन मी पुढे चालायचे, ती मागून. मी चुकले तरी सांगायची नाही. मागे तिचा पाय आपटायला लागला की मला कळायचं. मग तिथेच उभ्या उभ्या आम्ही वाक्य बदलायचो. वस्तीपर्यंत पोचलो तेव्हा वाक्यं आखूड झाली होती.

"झालं," मी म्हणाले.

"अर्धंच. वस्तीकडूनही लोक येतात. उतरताना पुलाची कमान दिसतच नाही, बघ."

मी वळून पाहिलं. खरंच दिसत नव्हती. नुसतं डाव्याचं उजवं करून भागणार नव्हतं.

पुढच्या रविवारी वरून खाली लिहीत यायचं ठरलं. तिला रविवारपर्यंत दम नव्हता. रोज जिन्यात विचारायची, "उद्या सकाळी जाऊ या का? कामाआधी?" मी रविवार म्हणायचे.

गुरुवारी ती कारखान्यात शिवणयंत्रावरच गेली. कारखान्यातली बाई सांगायला आली. बसल्या बसल्याच मान टाकली, म्हणाली.

"ती? बसून?" आक्का म्हणाली.

आता वर पावलं वाजत नाहीत. मला अजून झोप लागत नाही.

चढणीची बाजू छापून आली. पाणचक्कीवाल्यानं ती फाटकापाशी उभ्यानं वाचली.

"चढणाऱ्यांचं ठीक आहे," तो म्हणाला. "उतरणाऱ्यांचं काय?"

मी एकटी वस्तीवर जाऊन आले. कोरा कागद नेला होता. खाली बघितलं तर तीन वाटा एकसारख्या दिसत होत्या. पाय आपटायला मागे कुणी नव्हतं. एका वाटेनं उतरले ती थेट गव्हाच्या बांधावर निघाले.

कापणी अजून व्हायची आहे. उतरणीची बाजू लिहायची राहिली आहे.