शेरूचा पाट

दूधभाकरीची थाळी पुढे ठेवली की शेरू ती एकदा हुंगायचा आणि स्वयंपाकघरातल्या रिकाम्या पाटाकडे बघत बसायचा. बाबांच्या छातीत अचानक दुखायला लागलं, त्यांना दवाखान्यात ठेवलं, म्हणून त्यांच्या कुत्र्याला सांभाळायला मी घरी आले होते. दोन दिवस त्याच्या पोटात काही नव्हतं.

शेजारच्या कुसुमकाकू म्हणाल्या, "अगं, आधी तू पाटावर बस. तुझ्या बाबांनी पहिला घास घेतल्याशिवाय तो तोंड लावत नाही."

मी ताट वाढून घेतलं, पाटावर बसले, घास घेतला. शेरू शेजारी येऊन खाऊ लागला. मी उठले तर नाही ना, हे मधूनमधून मान वर करून बघत होता.

आई गेल्यापासून मी फोनवर विचारायचे, "एकटेच जेवता का?" बाबा म्हणायचे, "नाही गं, सोबत असते मला." कुणाची, हे मी कधी विचारलं नाही. लांब राहणाऱ्या मुलांना काय ऐकायचं असतं, ते आईबापांना बरोबर कळतं.

संध्याकाळी दवाखान्यात गेले. बाबांनी आधी विचारलं, "जेवला का तो?"

"जेवला. मी बसले होते सोबत."

मग ते म्हणाले, "तुला वेळ मिळाला?"

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.