अप्पांचं थांबणं

श्री. मन्मथअप्पांच्या कापड दुकानाची पायरी मी पहिल्यांदा चढले ती काम मागायला. लग्न होऊन नांदूरघाटला येऊन फार दिवस झाले नव्हते. आमच्या ह्यांचा टेम्पो बंद पडून होता आणि घरात बसून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. भित्री माणसं गप्प बसतात असं लोकांना वाटतं. माझं उलटं आहे. भीती वाटली की माझी जीभ सुटते. त्या दिवशी अप्पांसमोर उभी राहून मी माझं माहेर, माझी शिलाई, सासूबाईंचे गुडघे आणि टेम्पोचं इंजिन असं सगळं एका दमात सांगून टाकलं, आणि काम पाहिजे हे सांगायचं तेवढं राहून गेलं. अप्पांनी हातातली कात्री खाली ठेवली. माझं संपेपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, घाई काय हाय? दुकान कुठं पळून चाललंय? बसा, पाणी प्या, मग काय पायजे ते सांगा."

मी पाणी प्यायले आणि एका वाक्यात सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याकडे कामाला लागले.

येत्या महिन्यात अप्पांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. गौरव समितीनं सत्कारानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी माझ्याकडे लेख मागितला आणि वर बजावलं की मंदाबाई, मजकूर आदरयुक्त असावा आणि विषयाला धरून असावा. आदर तर आहेच. विषयाला धरून राहणं मात्र अवघड दिसतंय, कारण मी लिहायला बसते आणि उठते. दाराशी जाते, रस्त्यावर बघते, परत येऊन बसते. कारण असं की ज्यांचा सत्कार, ते अप्पाच सत्काराला येणार नाही म्हणत होते. मागच्या दिवाळीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय देवाच्या दयेनं सुधारले, जीभ तेवढी जड राहिली. शब्द येतो, पण उशिरा येतो आणि तुटत तुटत येतो. डॉक्टरांनी सांगितलंय की बोलत राहा, सुटेल. अप्पांनी लोकांत बोलणंच बंद केलं. अर्ध्या तालुक्याला बोलतं करणारे अप्पा आतल्या खोलीत जाऊन बसले, आणि इकडे मंडप ठरला, हार ठरले, फोटोवाला ठरला. अशात मी स्वस्थ बसावं तरी कसं?

असो. रीतीप्रमाणे आधी त्यांच्या कामाविषयी लिहिते.

नवीन माणसाला अप्पा आधी कापड मोजायला शिकवत नसत, 'नाही' म्हणायला शिकवत. गिऱ्हाइकानं मागितलेलं आपल्याकडे नसलं तर नाही म्हणायचं, आणि समोरच्या दुकानात मिळेल हेही सांगायचं. रंग पक्का आहे का कच्चा हे ठाऊक नसलं तर ठाऊक नाही म्हणायचं. मला हे फार जड गेलं. ठाऊक नाही म्हटलं की आपली किंमत गेली असं वाटायचं, म्हणून मी काहीबाही सांगून वेळ मारून न्यायची. अप्पा लांबून बघायचे. एकदा गिऱ्हाईक गेल्यावर मला जवळ बोलावून म्हणाले, "माहीत न्हाई म्हणताना तुमचा आवाज कावून बारीक होतो? ते बी एक उत्तरच हाय. मोठ्यानं द्या." तेव्हा मला रागच आला होता. पण पुढे कचेरीत, दवाखान्यात, मुलीच्या शाळेत, जिथं जिथं गेले तिथं 'मला समजलं नाही, परत सांगा' हे मी मान वर करून म्हणू शकले. आत्मविश्वास म्हणजे छाती काढून फाडफाड बोलणं, अशी माझी समजूत होती, आणि बोलण्यात तर मी कुणाला हार जाणारी नव्हते. तरी आतून मी घाबरलेलीच असायची. अप्पांनी ते पहिल्या दिवशीच ओळखलं होतं असं आता वाटतं.

त्यांचा दुसरा नेम बस्त्याचा. आमच्याकडे लग्न ठरलं की दोन्हीकडची मंडळी बस्ता बांधायला येतात, म्हणजे लग्नाचं सगळं कापड एकाच बैठकीत घेतात. गादीवर मामा, काका, मेव्हणे, आत्या सगळे ऐसपैस बसतात आणि ज्याला त्याला मत असतं. मत विचारलं जात नाही ते फक्त नवरीचं. ती भिंतीला टेकून पायाच्या अंगठ्याकडे बघत असते. अप्पांनी ठरवून टाकलं होतं की नवरीनं स्वतःच्या तोंडानं शालू पसंत केल्याशिवाय बस्त्याची गाठ मारायची नाही. नुसती मान हलवलेली चालायची नाही, आईनं तिच्या वतीनं सांगितलेलंही चालायचं नाही.

एकदा धर्मापुरीकडची मंडळी आली होती. नवऱ्या मुलाच्या मामांनी हिरवा शालू उचलला आणि सगळ्यांनी छान छान म्हणून माना डोलावल्या. अप्पांनी मुलीला विचारलं की ताई, तुम्हाला कोणता आवडला? ती गप्प. अप्पाही गप्प. चहा आला, संपला, कपबशा परत गेल्या. मामांची चुळबूळ सुरू झाली. कोपऱ्यात माझी त्यांच्याहून जास्त. वाटत होतं, पुढं व्हावं आणि त्या पोरीच्या वतीनं आपणच बोलून मोकळं व्हावं. शेवटी मामा कडाडले की गाठ मारता का आम्ही उठू? मोठा बस्ता होता आणि लग्नसराई संपत आली होती. अप्पांनी सावकाश सांगितलं की उठायचं असेल तर आपली मर्जी, ताईंचं अजून झालेलं नाही. आणि मग ती पोरगी बोलली. "हिरवं न्हाई. मला त्ये जांभळं पायजे."

मामा तिच्याकडे बघतच राहिले. अप्पांनी जांभळा शालू सगळ्यांत वर ठेवला आणि गाठ मारली.

मंडळी गेल्यावर मी अप्पांना विचारलं की ती बोललीच नसती तर काय केलं असतं? ते गादीवरच्या घड्या आवरत म्हणाले, "मानूस बोलतोच, बाई. आपण मधी तोंड घालतो म्हणून ऱ्हातं."

अप्पांचा मला कधी राग आला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. त्यांच्या संथपणानं माझं डोकं कैकदा फिरलंय. ब्लाऊज शिवायचं माझं स्वतःचं दुकान काढायचं ठरलं, तेव्हा घरात सगळ्यांचा विरोध होता आणि मला अप्पांचा आधार हवा होता. मी रोज विचारायची की जागा कुठली घेऊ, नाव काय ठेवू, बाहेर पडू का नको पडू? अप्पा ऐकायचे आणि कापड फाडत बसायचे. एक दिवस मी चिडून बोलले की तुमचं तरी काही म्हणणं आहे का नाही? तर म्हणाले की तुम्ही ठरवा, पाटी लावायला मी येतो. तो आठवडा मी त्यांच्याशी धड बोलले नाही. पण ठरवलं मीच. त्यांच्याच समोरची जागा घेतली. ज्या दिवशी पाटी लागायची होती त्या दिवशी सकाळी दार उघडते तो अप्पा हातोडी आणि खिळे घेऊन पायरीवर उभे. पाटी सरळ लागेपर्यंत स्टुलावरून खाली उतरले नाहीत. शेजारच्यांनी विचारलं की अप्पा, तुमच्याकडची बाई गेली, आता कसं? त्यांनी उत्तर दिलं की गेली कुठं, समोर तर आहे. त्या दिवशी मी आत जाऊन रडले.

आता सध्याचं लिहिते, कारण मन सारखं तिकडंच ओढ घेतंय. झटका आल्यापासून अप्पांभोवती सगळं प्रेमाचं माणूस आहे, आणि तिथंच घोटाळा झालाय. ते काही मागायला तोंड उघडतात तोवर मुलगा, सूनबाई आणि मी तीन वस्तू घेऊन उभे. त्यांनी एक शब्द काढला की पुढचं वाक्य आम्ही पुरं करतो. चुकीचं केलं तरी ते मान हलवतात आणि विषय सोडून देतात. समितीच्या बैठकीत ठरलं की सत्काराचं उत्तर पुतण्यानं कागदावरून वाचावं. मी भांडले. मला सांगण्यात आलं की मंदाबाई, या वयात अप्पांची फजिती कशाला? भीती मलाही तीच होती. मी अप्पांकडे गेले. ते भिंतीकडे बघत एवढंच म्हणाले की लोक हसतील. मग मी समजावायला लागले आणि माझ्या सवयीप्रमाणे बोलतच सुटले. त्यांनी डोळे मिटून घेतले.

मागच्या बाजाराच्या दिवशी त्यांचा मुलगा बसनं आलेली मालाची गाठोडी सोडवायला स्टँडवर गेला होता. सूनबाईंनी अप्पांना घटकाभर गादीवर आणून बसवलं होतं आणि लक्ष ठेवायला मी समोरून येऊन बसले होते. तेवढ्यात मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातली एक बाई आली. ना ओळखीची, ना अप्पांच्या दुखण्याचं तिला काही ठाऊक. नातीच्या कुंचीला खण पाहिजे म्हणाली. अप्पांना विचारायचं होतं लेकरू केवढं आहे. "ले..." एवढं आलं आणि अडकलं. मी तोंड उघडलं. अप्पांनी हात वर केला. मी तोंड मिटलं, आणि खरं सांगते, ते मिटून ठेवणं मला बाळंतपणापेक्षा जड गेलं.

त्या बाईला त्याचं काहीच वाटलं नाही. तिनं बोचकं या काखेतून त्या काखेत घेतलं आणि मेंढरं पाणी पिऊन होईस्तोवर उभं राहावं तशी उभी राहिली. अप्पांचा प्रश्न पुरा झाला. तिनं उत्तर दिलं. मग रंग विचारून झाला, काठ दाखवून झाले. दोन लाल खण तिनं उन्हात नेऊन बघितले आणि एक घेतला. तेवढ्या वेळात मी दोन ब्लाऊज बेतले असते. "येते, आप्पा," म्हणून ती बाजारात निघून गेली.

अप्पा बराच वेळ रस्त्याकडे बघत होते. मग म्हणाले, "ती... थांबली." पुन्हा वेळ गेला. "म्या... बोलतो... त्या दिवशी. कागूद... नगं." नंतर माझ्याकडे वळून म्हणाले, "पण तुमी..." आणि अडकले. पुढचं मला ठाऊक होतं. मध्ये तोंड घालू नका, हेच ते सांगणार. वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, तसंच गिळलं आणि थांबले. किती वेळ ते माहीत नाही. "तुमी... म्होरं... बसा," अप्पा म्हणाले. "मला... भ्या... वाटतं."

तेव्हा या ग्रंथाच्या वाचकांना, म्हणजे त्या दिवशी मंडपात येणाऱ्या आपणा सर्वांना माझी हात जोडून विनंती आहे. अप्पा बोलतील. त्यांना कुणीही शब्द पुरवू नये. मध्येच थांबले तर संपलं असं समजून टाळ्या वाजवू नयेत. निवेदकांनी माइककडे सरकू नये. जेवणाची पंगत उशिरा बसली तर बसू द्यावी, भाजी परत गरम करता येते.

अप्पांची प्रकृती उत्तरोत्तर सुधारत जावो, त्यांना निरोगी शंभर वर्षं लाभोत आणि रोज एक तरी घाई नसलेलं गिऱ्हाईक त्यांच्या पायरीवर येवो. अप्पा, मी पुढच्या रांगेतच आहे. भ्या मलाही वाटतंय. तुमचं होऊ द्या सावकाश, आम्ही बसलोय.