पोटावर पिशवी, पुढे सहा कुत्री

माझी नणंद कोरा टायटस सत्तावीस वर्षं आमच्या गावची आरोग्यसेविका होती. बर्फाळ उत्तरेत युकॉन नदीच्या काठावर जेमतेम साठ घरं, आणि घरातल्या प्रत्येकाला तिची सुई माहीत. चाळिशी आली की आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करून घ्या, म्हणून ती सगळ्यांच्या मागे लागायची. आमच्या आदिवासी लोकांत आतड्याचा कॅन्सर फार. स्वतःची तपासणी मात्र तिने नऊ वर्षं पुढे ढकलली. विमानाने शहरात जायचं तर मागे दवाखाना कोण बघणार? रक्त पडायला लागलं तेव्हा कुठे गेली. ऑपरेशनमध्ये खालची वाट कायमची बंद झाली आणि पोटाच्या डाव्या बाजूला मळाची पिशवी आली.

त्यानंतर दोन वर्षांनी, एकसष्टाव्या वर्षी, तिने कुत्र्यांच्या गाड्यांच्या एका सफरीत नाव दिलं. १९२५ साली घटसर्पाचं औषध बर्फावरून कुत्र्यांनी ओढलेल्या गाड्यांनी नेनानाहून समुद्रकाठच्या नोमला पोचवलं होतं. त्याच्या आठवणीत त्याच वाटेनं जायचं आणि गावोगावी थांबून तपासण्यांबद्दल बोलायचं, असा बेत होता.

आयोजक गॅरेट शहरातला. त्याने फोनवर फार अदबीनं सुचवलं, की कोराबाईंनी थेट विमानानं नोमला यावं आणि समारंभात दोन शब्द बोलावेत.

"विमानातून उतरलेल्यांचे दोन शब्द आम्ही जन्मभर ऐकले," कोरा म्हणाली. "मी गाडी हाकतच येणार."

माझा नवरा विल्मर तिचा धाकटा भाऊ. त्यालाही हे पसंत नव्हतं.

"ताई, थंडीनं ती पिशवी सुटली म्हणजे?"

"सुटली तर दुसरी लावीन. तू आधी तपासून ये. चौपन्नचा झालास."

"माझ्या मागून कोणी नळी घालायची नाही."

"मग माझ्यासारखी पुढून पिशवी लावून घे. बदलायची कशी ते मी शिकवीन."

विल्मर उठला आणि लाकडं फोडायला निघून गेला.

सफर आमच्या गावी आली त्या संध्याकाळी सभागृहात मी मूस हरणाच्या मांसाचा रस्सा वाढत होते. आधी सफरीतले बाकीचे लोक कागदावरून वाचून बोलले. मग कोरा उभी राहिली आणि तिने सरळ स्वेटर वर केला. म्हातारे खाली बघायला लागले.

"जमिनीवर काय आहे? इकडे बघा," ती म्हणाली. "वेळेवर गेले असते तर ही नसती. मी तुम्हाला सांगत राहिले आणि स्वतः घाबरले. काम होतं म्हणून नाही. घाबरले म्हणून."

हे मलाही माहीत नव्हतं. विल्मर दाराशी उभा होता. तो जेवला नाही.

काल्टाग गाव सोडून समुद्राकडे उतरताना तापमान उणे अडतीस अंश होतं. तिथे पिशवीची चिकट कडा सुटली आणि घाण विजारीत उतरली. गॅरेट बर्फावर चालणारी स्नोमोबाइल घेऊन आला. बसा, आता पुरे, म्हणाला. कोराने गाडी आडवी करून वाऱ्याला आडोसा केला, नवी पिशवी काखेत धरून ऊब दिली आणि हातमोजे काढले.

"तुझं पोर हगलं की त्याला घरी पाठवतोस?" तिने विचारलं. "तोंड तिकडे कर आणि कुत्री धर."

त्याने कुत्री धरली. तिच्या दोन बोटांची टोकं थंडीनं काळी पडली, ती अजून बधिर आहेत.

नोमला ती दीड दिवस उशिरा पोचली. समारंभ उरकला होता, कमान उतरवली होती. सभागृहात तिघी बायका खुर्च्या रचत होत्या. कोराने त्यातल्या तीन खुर्च्या परत मांडायला लावल्या, त्यांना बसवलं आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. शेवटी स्वेटरही वर केला.

वसंतात आमच्या गावातून चौदा जण तपासणीला गेले. पंधरावा विल्मर, कुणाशी न बोलता. त्याच्या आतड्यातल्या तीन गाठी काढल्या, वेळेवर. परत आल्यावर तो बहिणीला एवढंच म्हणाला, "ते पोट साफ करायला आदल्या दिवशी प्यायचं पाणी फार घाण असतं."

"तीन मुक्कामांवर मी हेच सांगितलंय," कोरा म्हणाली आणि त्याच्यासमोर सुका सालमन मासा ठेवला.

पुढच्या वर्षी गॅरेटचं पत्र आलं, नव्या सफरीच्या उद्घाटनाला यावं आणि भाषण करावं म्हणून. कोराने त्याच कागदाच्या मागे उत्तर लिहिलं: भाषण नको. या वेळी आठ कुत्री आणते आहे, त्यांच्यासाठी मासळी भरपूर ठेवा.