मंगळवारचं परतीचं तिकीट

दुपारपासून चैन नाही, म्हणून इथे लिहितोय.

माझी मुलगी ईशा प्रोफेशनल टेनिस खेळते. उद्या तिला टूर्नामेंटसाठी इंदूरहून पुण्याला निघायचंय. आज बॅग भरताना तिने माझ्या मोबाइलवर परतीचं तिकीट पाहिलं.

"बाबा, मंगळवारी दुपारची गाडी? मंगळवारी सकाळी तर माझी पहिली मॅच आहे."

टेनिसवाल्या घरांत बरेच जण पहिल्या मॅचच्या दिवसाचंच परतीचं तिकीट काढून ठेवतात. हरलं की त्याच दिवशी निघायचं, कारण हॉटेलचा एकेक दिवस जड जातो आणि ऐनवेळी स्लीपरही मिळत नाही. पहिल्याच मॅचला हरलं तर बक्षिसाचं जे हाती येतं ते जाण्यायेण्यालाही पुरत नाही.

मी म्हटलं, "बेटा, जिंकलीस तर कॅन्सल करू ना, उसमें क्या है."

ती हसून म्हणाली, "म्हणजे मी जिंकले की तुमचं नुकसान."

रागावली असती तर परवडलं असतं.

तिने बॅगेत आठ दिवसांचे कपडे भरलेत. मी चार वेळा तिकीट कॅन्सल करायला ॲप उघडलं आणि चारही वेळा तसंच बंद केलं.

सांगा भिया, तुमच्या घरी कुणी खेळत असेल तर तुम्ही परतीचं तिकीट कोणत्या दिवसाचं काढता?