जयंतीच्या काडतुसांची डबी

शनिवारची सकाळ. जयंतीच्या तव्यावर दुसरं थालीपीठ होतं आणि सुबोध सोफ्यावर मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसला होता. बेल असूनही कुणीतरी दार ठोठावलं.

"ममा, डोअर!" माडीवरून लेकीचा, ज्ञानदाचा, आवाज आला. दार कुणी उघडायचं हे या घरात कधी ठरवावं लागलं नव्हतं.

दारात रुलॉफ उभे होते, नेमबाजी क्लबचे सचिव. वेळ न ठरवता डच माणूस शनिवारी सकाळी येतो तो काही गप्पा मारायला नव्हे, एवढं उइटहॉर्न या डच गावातल्या अकरा वर्षांत तिला कळलं होतं. कॉफीलाही ते नको म्हणाले. मग तिने गॅस बंद केला.

त्यांनी टेबलावर एक प्लॅस्टिकची डबी ठेवली. तिचीच. काल कपाटात शोधून शोधून ती दमली होती.

नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या जयंतीची पहिली चार वर्षं 'सुबोधची बायको' यापलीकडे ओळख नव्हती. फिजिक्सची पदवी फाइलमध्ये, एनसीसीतलं नेमबाजीचं पदक माहेरी. ऑफिसातल्या लोकांच्या नादाने सुबोध क्लबात गेला आणि तिलाही घेऊन गेला. परवाने दोघांनीही काढले. सुबोधचा उत्साह पुढे कॉफीपुरता उरला. जयंतीने स्वतःची रायफल घेतली, आणि मग काडतुसंही स्वतःच भरू लागली. माळ्यावर, वॉशिंग मशीनच्या शेजारी.

त्यातलं सगळ्यात किचकट काम म्हणजे पितळी नळकांड्यात गोळी किती खोल बसवायची ते ठरवणं. बंदुकीच्या नळीत आतून कोरलेले पिळदार आटे जिथे सुरू होतात, तिथपासून गोळीचं टोक किती मागे राहावं, हे प्रत्येक रायफलीचं वेगळं असतं. पुस्तकातला आकडा फक्त सुरुवातीला धरायचा. जयंती केसभर फरकाने पाच-पाच काडतुसं भरायची, क्लबात झाडायची, कागदावरची भोकं मोजायची, वहीत लिहायची. यात अख्खा हिवाळा गेला. शेवटी पाचही भोकं एका नाण्याखाली झाकली गेली. त्या मापाची पन्नास काडतुसं तिने येत्या स्पर्धेसाठी भरून ठेवली होती.

"एवढा जीव पुरणपोळीत ओतला असतास तर!" सुबोध म्हणायचा. पाहुण्यांसमोर जरा मोठ्याने.

रुलॉफनी घडलेलं सावकाश सांगितलं. गुरुवारी सुबोधने ही डबी आपल्या मॅनेजरला, मार्टाइनला, दिली होती. 'घरची आहेत, एकदम फर्स्ट क्लास.' मार्टाइनची रायफल त्याच जातीची, पण तिच्या नळीतले आटे जयंतीच्या रायफलीपेक्षा जवळ, आधीच सुरू होत होते. गोळी आट्यांत रुतली. त्याने काडतूस परत बाहेर ओढलं, तर हातात रिकामं पितळ आलं. गोळी नळीत अडकलेली आणि दारू रायफलभर सांडलेली. बार उडाला असता तर काय झालं असतं, हे रुलॉफनी सांगितलं नाही. जयंतीला सांगायची गरजही नव्हती.

"सुबोध म्हणाला, तुझं माप चुकलं असणार. घरगुती हौस आहे, म्हणाला."

जयंतीने सुबोधकडे पाहिलं. तो मोबाईलकडे बघत होता.

"सोमवारी कमिटी बसेल," रुलॉफ म्हणाले. "तुझ्या परवान्याच्या कागदावर सही करायची की नाही, ते ठरेल." सही नाही म्हणजे परवाना नाही, आणि परवाना नाही म्हणजे रायफल पोलिसांकडे जमा.

"जयू, सॉरी म्हणून टाक ना," सुबोध मराठीत पुटपुटला. "विषय संपेल. मला रोज मार्टाइनचं तोंड बघायचंय."

"आणि मी कुणाचं बघायचं?"

"हे बघ, आता ड्रामा नको."

रुलॉफनी डबीच्या झाकणावरच्या पट्टीवर बोट ठेवलं. "इथे काय लिहिलंय?"

"काही नाही," सुबोध झटकन इंग्रजीत म्हणाला, "तारीख वगैरे."

डाळींच्या डब्यांवर लिहायची तशीच, सवयीने, तिने मराठीत पट्टी लिहिली होती. दुसऱ्यांनाही वाचता यायला हवी, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती चूक तिची, आणि ती सोमवारी कमिटीसमोर कबूल करणारच होती. पण तिच्याशिवाय क्लबात ही पट्टी वाचू शकणारा एकच माणूस होता, आणि त्यानेच डबी उचलून दिली होती. पट्टीवर होतं: 'फक्त माझ्या रायफलीसाठी. दुसऱ्या कुणाच्याही नळीत घालू नये.' खाली तिचं नाव.

तिचं डच सुबोधपेक्षा कितीतरी चांगलं होतं. वाक्य अगदी ओठांवर आलं. तिने ते गिळलं आणि डबी त्याच्यापुढे सरकवली.

"सुबोध, ही पट्टी यांना इंग्रजीत वाचून दाखव. एवढंच कर."