घरटी एक नोकरी

ठाणे ते बेलापूर रस्त्यालगत, तुर्भ्याच्या अलीकडे, साठच्या दशकात कारखान्यांची कुंपणं पडू लागली, तेव्हा आमच्या गावाला एक आश्वासन मिळालं. ज्या घराची जमीन गेली त्या घरातल्या एका माणसाला नोकरी. आश्वासन तोंडी होतं. देणारा अधिकारी खुर्चीवर बसला होता आणि ऐकणारे बांधावर उकिडवे, त्यामुळे ते लेखी असल्याइतकं खरं मानलं गेलं.

आमची भातखाचरं गेली होती. घरात आई, वडील आणि मी. तो एक माणूस कोण, यावर चर्चा झाली नाही. वडील म्हणाले, "तू शिकून घे. हातात हत्यार असलं का कोनी परत धाडनार नाय." स्वतः ते खाडीत पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकायला जात राहिले.

सरकारी प्रशिक्षण केंद्रात मी फिटरचं शिक्षण घेतलं. त्यातले पहिले सहा महिने कानस चालवण्यात गेले. लोखंडाचा ठोकळा व्हाइसमध्ये धरायचा आणि काटकोनी गुण्या लावला की फटीतून उजेड दिसणार नाही इतका सरळ करायचा. निदेशक तो खिडकीकडे धरत, "उजेड दिसतो," म्हणत आणि परत देत. ठोकळा दिवसेंदिवस लहान होत गेला आणि केंद्राच्या मते प्रशिक्षणार्थी मोठा. शेवटी शिक्का मारलेलं प्रमाणपत्र मिळालं. फिटर म्हणजे नेमकं काय हे गावात कोणाला सांगता आलं नसतं, पण आईने ते प्रमाणपत्र देवाच्या फळीवर ठेवलं.

आमच्याच खाचरांवर उभ्या राहिलेल्या कारखान्यात फिटरची एक जागा रिकामी होती. यंत्रं थंड ठेवण्यासाठी खाडीचं पाणी खेचणारे पंप नुकतेच बसले होते आणि ते सांभाळायला माणूस हवा होता. मुलाखतीला भरतीचा अधिकारी आणि पंप बसवणारे इंजिनियर असे दोघे होते.

"अनुभव?" अधिकाऱ्याने विचारलं.

"साहेब, शिक्षण आत्ताच संपलं."

"अनुभवाशिवाय पद भरता येत नाही."

"अनुभव कुठे मिळेल?"

"पदावर," ते म्हणाले. हा विनोद नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरून स्पष्ट होतं.

तरी परीक्षा घ्यायची म्हणून इंजिनियरने मला पंपघरात नेलं. पंपाच्या ग्लँडमधलं, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती पाणी अडवणाऱ्या खोबणीतलं, जुनं पॅकिंग काढून नवं भरायला सांगितलं. मी भरलं. पॅकिंग थंड राहायला थेंब थेंब पाणी यावं लागतं, तेवढंच येत होतं. इंजिनियरने मान डोलावली. इथे गप्प बसलो असतो तर बहुधा काम झालं असतं. पण माझी नजर खाडीतून पंपाच्या खड्ड्यापर्यंत आणलेल्या चराच्या तोंडाकडे गेली. ते फार उंचावर होतं.

"साहेब, अष्टमीच्या सुमारास ह्यात पाणी येणार नाही."

"भरती दिवसातून दोनदा येते. पुस्तकात आहे."

"येते, पण सारखी नाही. पुनवेच्या उधाणाला इथवर चढते. अष्टमीचा भांग असला की चिखलातच थांबते. आपण माप कधी घेतलंत?"

त्यांनी नकाशावरची तारीख पाहिली. मी हिशेब करून सांगितलं की त्या दिवशी पौर्णिमा होती.

"तुम्ही फिटर आहात की भटजी?" त्यांनी विचारलं आणि नकाशा गुंडाळला. अधिकारी म्हणाले, "कळवू."

त्यांनी कळवलं नाही. अष्टमीने कळवलं. चर कोरडा पडला, पंप पाण्याविना फिरत राहिले, पॅकिंग जळून गेलं आणि कारखाना बंद पडला. नवमीला कारखान्याची जीप बांधावर आली. खाडीचं पाणी कोणाला कळतं, अशी चौकशी झाली. हा प्रश्न आमच्या गावात विचारणं म्हणजे भात कोणाला जेवता येतं असं विचारण्यासारखं होतं. लोकांनी समोर जाळं विणत बसलेल्या वडिलांकडे बोट दाखवलं, कारण ते जीपच्या सर्वांत जवळ होते.

वडिलांनी चर पाहिला. चिखलात निवट्या मासोळ्या उड्या मारत होत्या. "आज नाय, उद्या नाय. एकादशीला चालू करा," ते म्हणाले. "तवर तुमी कितीबी बोंबला, खाडी ऐकनार नाय."

एकादशीला पाणी आलं. त्याच दुपारी त्यांना कामावर घ्यायचं ठरलं. अडचण एवढीच, की पाणी बघणारा असं पद मंजूर नव्हतं. पंप विभागात मंजूर आणि रिकामं पद एकच होतं. वडिलांना फिटर म्हणून नेमण्यात आलं. अनुभवाच्या रकान्यात चाळीस वर्षं लिहिली गेली. सहीच्या जागी अंगठा उठला.

"साहेब, फिटर माजा पोरगा हाय," वडील म्हणाले. "ही जागा त्याची. मना यातलं काय बी येत नाय."

"त्याला अनुभव नाही," भरतीचे अधिकारी म्हणाले.

"मंग मना फिटर करू नका, हमाल करा. फिटर त्याला करा."

"दोघांना कसं घेणार? घरटी एक. आणि तुम्ही नको म्हणालात तर तुमच्या घराचा हक्क संपला."

वडील निळा गणवेश काखेत घेऊन घरी आले. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "फिटरला काय काय करायला लागतं रं?" आईने दोघांना पाणी दिलं. "एक तरी लागलाय घरात," ती म्हणाली. तेवढ्यावर विषय मिटला.

वडिलांनी आपल्या पद्धतीने नोकरी सुरू केली. भरती रोज दोन घटका उशिरा येते, म्हणून तेही रोज दोन घटका उशिरा कामावर जात. आठवड्याने ते दुपारी पोचू लागले. फाटकावरच्या कारकुनाने त्यांना खुलासा मागितला. "पानीच आता येतंय, मी आधी येऊन काय करू?" असा त्यांनी खुलासा केला. तो मान्य झाला नाही. तेव्हापासून ते सकाळी आठला जाऊन पाण्याची वाट बघत बसत. फिटरला रोजचा अहवालही द्यावा लागे. तो संध्याकाळी घरी मी लिहीत असे: ग्लँड तपासली, पॅकिंग बदललं, बोल्ट आवळले. यातलं काय झालं होतं हे मला माहीत नसे. अहवालाबद्दल मात्र कधी तक्रार आली नाही.

मी पुढच्या कारखान्यांत फिरलो. गावाचं नाव सांगितलं की सगळीकडे आधी एकच प्रश्न येई, घरातलं कोणी लागलंय का. हो म्हटलं की यादीत आमच्या घरापुढे खूण होई. मी परत येऊन पाग खांद्यावर टाकून खाडीत उतरे.

गावाने तोवर आमच्या घराला फिटरचं घर म्हणायला सुरुवात केली होती. एका संध्याकाळी शेजारची काकी स्टोव्ह घेऊन दारात आली.

"फिटर हाय का घरात?"

"काय झालं काकी? दे, मी बघतो."

तिने स्टोव्ह मागे घेतला. "तू नको. फिटरला येऊ दे."

वडील येईपर्यंत ती ओट्यावर बसून राहिली. त्यांनी स्टोव्ह घेतला, मागच्या पडवीत आणला आणि माझ्यापुढे ठेवला. स्टोव्हच्या पंपाचा चामडी वायसर वाळला होता आणि वरचं भोक काजळीने बुजलं होतं. मी वायसर तेलात भिजवून बसवला, पिन घातली, पेटवून पाहिला. निळी ज्योत आली. वडिलांनी तो बाहेर नेऊन दिला.

"बघ, तुजा हात लागला आन कसा चालू झाला," काकी म्हणाली.

"मी नाय केला. पोरानं केला."

काकी मोठ्याने हसली. "सांग, सांग! नोकरी नाय लागली त्याला अजून, आन फिटरचं काम करतंय!"