डब्यात राहिलेला मंदारचा चित्रपट

रविवारी सकाळी न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनला, आमच्या बैठकीच्या खोलीत एका ब्रिटिश चित्रपटाचा खेळ झाला. पडदा नव्हता, प्रोजेक्टर नव्हता... प्रेक्षक मात्र फार दिवसांपासून ताटकळलेला होता.

थोडी पार्श्वभूमी सांगते. माझा धाकटा भाऊ मंदार लंडनला असतो. तिथल्या काही नव्या दिग्दर्शकांचे लघुपट गुंफून एक पूर्ण लांबीचा चित्रपट तयार झाला, त्यातला एक मंदारचा. अशा चित्रपटाला अँथॉलॉजी म्हणतात. त्यातले लघुपट प्रदर्शित होतात तेही एकत्र आणि अडकतात तेही एकत्रच! निर्मात्यांचं आपसात बिनसलं आणि अख्खा चित्रपट डब्यात गेला. करारामुळे मंदारला स्वतःचा लघुपटही कुणाला दाखवता येत नाही.

इकडे माझ्याकडे राहायला आलेल्या बाबांना काचबिंदू आहे. मी फार्मासिस्ट, त्यामुळे मला नेमकं ठाऊक आहे... नजर कडेकडून मिटत जाते, गेलेली परत येत नाही, थेंब घालून फक्त उरलेली राखायची. बाबा दर फोनवर एकच विचारायचे, "मंद्या, कधी रे दाखवतोस? दिसतंय तोवर दाखव."

रविवारी परदेशी फोनसाठी लागणारं नवं कॉलिंग कार्ड घेऊन मंदारनेच फोन केला. "बाबा, दाखवता येत नाही. पण सांगायला कुणाची बंदी नाही. बसा."

मी स्पीकर लावला. "आधी पडदे ओढ गं," बाबा माझ्या लेकीला म्हणाले, "थिएटरात उजेड नसतो."

"स्वीट ॲज, आजोबा!" असं इथल्या बोलीत 'मस्तच' म्हणत तिने खोलीत अंधार केला.

मंदार एकेक दृश्य सांगू लागला. छत्र्या दुरुस्त करण्याचं चिंचोळं दुकान... त्यात पाठमोरा बसलेला म्हातारा कारागीर...

"थांब," डोळे मिटून ऐकणारे बाबा म्हणाले. "कॅमेरा कुठे ठेवलायस?"

"दारात."

"मग त्याचे हात कसे दिसणार? सगळं काम तर हातांचं आहे."

मला वाटलं, फोन कटला.

"समोरच्या भिंतीवर आरसा आहे, बाबा," मंदार सावकाश म्हणाला. "हात त्यात दिसतात."

बाबा पुढे झुकले, मान किंचित तिरकी केली... "हां. दिसले."

तो आरसा खरोखर चित्रपटात आहे, की मंदारने त्या क्षणी बाबांसाठी भिंतीवर टांगला, हे मी त्याला विचारलेलं नाही. चित्रपट डब्यातून बाहेर येईल तेव्हा बाबांच्या शेजारी बसूनच मला ते पाहायचं आहे... तोवर तेवढी नजर त्यांना उरो.